आबांची फियाट आणि माझी इलेक्ट्रिक: दुसऱ्या उन्हाळ्यानंतरचा अनुभव

मे महिन्यात दुपारी दोन वाजता अमळनेरहून जळगावला निघायचं असेल तर मी नवी गाडी काढेन. यात मला जराही शंका नाही. पारा 45 अंशांच्या घरात, धरणगाव-पाळधीचं डांबर समोर लकलकतंय आणि आत गार हवा, काचा बंद. फियाटच्या आठवणीने गळा काढणाऱ्यांनी (त्यात माझे दोन्ही भाऊ पहिले) त्या वेळी तिच्या रेक्झिनच्या सीटवर साडी नेसून बसून दाखवावं, मग बोलू. तरी गंमत अशी की नव्या गाडीचं काहीही बरं-वाईट मनात आलं की तुलना होते ती त्या फियाटशीच. मधल्या काळात नवऱ्याची पेट्रोल हॅचबॅक बरीच वर्षं होती, ती कधी आठवतही नाही. म्हणून हा अनुभव दोन गाड्यांचा मिळून लिहिते.

नवी गाडी म्हणजे छोटी इलेक्ट्रिक हॅचबॅक, 24 किलोवॅट-तासांची (म्हणजे 24 युनिट विजेची) बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही. खाली सर्व्हिस सेंटरबद्दल चार शब्द येणार आहेत, आणि मला ब्रँडच्या भांडणात पडायचं नाही. जुनी गाडी म्हणजे प्रीमियर पद्मिनी. चोपड्यात, माझ्या माहेरी, तिला पद्मिनी कुणीच म्हणत नसे, फियाटच. 1089 सीसीचं इंजिन, स्टिअरिंगच्या डाव्या अंगाला गिअरचा दांडा, गिअर चारच, चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ताकद मागच्या चाकांना. कुर्ल्याच्या कारखान्यात 1964 पासून ती फियाट 1100 डिलाइट म्हणून निघायची, पुढे पद्मिनी झाली आणि थोड्याफार फरकाने शतक संपेपर्यंत तीच गाडी विकली गेली. आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ती मुंबईहून सेकंड हँड आणली होती. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून उतरली तेव्हा थोरल्या भावाने घरच्या ग्रुपवर रडके चेहरे टाकले. त्याच्या स्वतःच्या दारात ऑटोमॅटिक एसयूव्ही उभी आहे.

आधी ऊन, कारण खान्देशात गाडीची परीक्षा तिथेच होते. फियाटच्या पुढच्या दोन्ही दारांना त्रिकोणी काच होती. ती उलटी फिरवली की चालत्या गाडीत वारा थेट अंगावर. मार्चपर्यंत तिच्यासारखं सुख नाही. पण एप्रिलच्या मध्यानंतर तोच वारा झळ होऊन तोंडावर येतो. मग आजी ओला पंचा खिडकीला लावायची, वरची कड काचेत दाबून. आपल्याकडची हवा कोरडी, त्यामुळे पंचा भराभर वाळायचा आणि वाळता वाळता आतली हवा खरोखर गार करायचा. कूलरमधल्या वाळ्याच्या ताट्या करतात तेच काम. कोकणात हा पंचा काही उपयोगाचा नाही.

दुसरं ओलं फडकं बॉनेटच्या आत लागायचं. कार्ब्युरेटरच्या जुन्या गाड्यांत पेट्रोलचा पंप इंजिनलाच बसवलेला असे आणि तो टाकीतून पेट्रोल ओढून घेई. भर उन्हात गाडी चालवून पाच मिनिटं उभी केली की इंजिनची धग पंपाला आणि नळीला लागते, आतल्या पेट्रोलची वाफ होते, आणि पंपाला वाफ ओढता येत नाही. स्टार्टर फिरतो, गाडी काही उठत नाही. चोपडा ते जळगाव रस्त्यावर बॉनेट उघडं टाकून, पंपावर ओलं फडकं ठेवून शांतपणे विडी ओढणारी माणसं त्या काळी दर उन्हाळ्यात दिसायची. घाबरण्यासारखं त्यात काही नव्हतं. दहा मिनिटं थांबायचं.

आता इलेक्ट्रिकची गोष्ट. पहिल्याच एप्रिलमध्ये रात्री चार्जर लावला की लाल दिवा. काढून लावला, लाल. दुसरं सॉकेट, लाल. इलेक्ट्रिशियन आला, मीटर लावून म्हणाला, "ताई, चार्जर चांगला आहे. तुमचं अर्थिंग सुकलंय." गाडीचा चार्जर करंट घेण्याआधी अर्थिंग नीट आहे का ते तपासतो, आणि ते कमकुवत असेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. सुरक्षेच्या दृष्टीने बरोबरच आहे. पण आमच्या काळ्या जमिनीला उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओल गेली की अर्थिंगच्या खड्ड्यातल्या सळईचा मातीशी संपर्कच उरत नाही. उपाय काय, तर खड्ड्यात दोन बादल्या पाणी. ओतलं, दिवा हिरवा झाला. आबा असते तर पोट धरून हसले असते. इतकी शिकलेली गाडी, आणि उन्हाळ्यात तिलाही पाणी पाजूनच चालू करायचं!

नंतर आम्ही केमिकल अर्थिंग (सळईभोवती ओल धरून ठेवणारी पावडर भरतात ते) करून घेतलं. मीटरपासून वेगळी 4 स्क्वेअर एमएमची वायर, 16 अँपिअरचं स्वतंत्र सॉकेट, स्वतंत्र एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच). या उन्हाळ्यात लाल दिवा लागला नाही. खेड्यात किंवा जुन्या वाड्यात राहणाऱ्यांनी गाडी बुक करण्याआधी अर्थिंग तपासून घ्यावं आणि मीटरचा मंजूर भार पुरेसा आहे का तेही बघावं. शोरूममध्ये हे कुणी सांगत नाही. तिथे सनरूफबद्दल बोलतात.

घरच्या सॉकेटवर तासाला साधारण तीन युनिट भरतात, म्हणजे रिकामी बॅटरी भरायला अख्खी रात्र. रात्री लाइट गेली तर सकाळी जेवढी भरली तेवढ्यावर निघायचं. रोजच्या कामाला मला त्याचा त्रास होत नाही, कारण जळगाव एका बाजूने साठेक किलोमीटर आणि धुळं त्याहून जवळ. जाऊन-येऊन वर बाजारहाट झाला तरी बॅटरी पुरते. कागदावर रेंज 300 च्या वर आहे. प्रत्यक्षात एसी लावून 60-70 च्या वेगाने गेलं तर 190-200 मिळते. चौपदरी रस्त्यावर 90 च्या पुढे काटा ठेवला की 160 वर येते. एसीने रेंज खाल्ली असं सगळे म्हणतात, पण माझ्या अनुभवात एसीपेक्षा वेग जास्त खातो. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो हे शाळेत शिकवताना मला कधी एवढं पटलं नव्हतं. खर्च म्हणाल तर घरी चार्ज केल्यावर किलोमीटरला दीड रुपयाच्या आसपास पडतो. नवऱ्याच्या पेट्रोल गाडीला याच्या तिपटीहून जास्त लागत होते.

नाशिकला जाणं मात्र अजून डोक्याला ताप. अंतर दोनशेच्या आत-बाहेर. धुळं समुद्रसपाटीपासून 250 मीटरच्या आसपास आणि नाशिक पावणेसहाशेच्या वर, म्हणजे सगळी वाट चढाची. त्यात उन्हाळ्याच्या शेवटापासून पश्चिमेचा वारा तोंडावर. साक्रीकडे ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांचं रान उगाच उभं नाही राहिलं. त्यामुळे जाताना मालेगावच्या अलीकडे-पलीकडे चार्जिंगला थांबावंच लागतं आणि येताना तीच गाडी उतार व पाठवारा घेऊन दहा-बारा टक्के जास्त दम धरते. वाटेतल्या चार्जरवर एकच गन (गाडीला लावायचा प्लग) असते आणि तिला कुणीतरी आधीच लावून चहाला गेलेला असतो. तिथला युनिटचा दर घरच्यापेक्षा दुपटीहून जास्त. शिवाय भर उन्हात फास्ट चार्जिंग मंदावतं, कारण बॅटरी तापू नये म्हणून गाडी स्वतःच करंट कमी घेते. कार्यक्रमाची वेळ पक्की असेल तर मी रेल्वेने जाते. फियाटला पाच लिटरचा पेट्रोलचा डबा डिकीत ठेवला की आबांच्या डोक्यातून विषय संपायचा (धोकादायक होतं ते, हेही खरं).

आवाजाबद्दल सांगते. फियाट वळणावर आली की आजी चहाचं आधण ठेवायची, एवढा तिचा आवाज ओळखीचा. या गाडीला आवाजच नाही. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) आत्याला आणायला गेले, आत्या मागे बसली, दार लावलं आणि वाट बघत राहिली. शेवटी म्हणाली, "माय वं, हाई गाडी चालू शे का बंद शे?" तोवर आम्ही गल्लीच्या तोंडापर्यंत पोहोचलो होतो. गप्पा मारायला ही शांतता फार छान. आत्याची ऐकण्याची तक्रारही या गाडीत कमी जाणवते, कुणाला ओरडावं लागत नाही.

पण रस्त्यावरच्या बाकीच्यांसाठी ती बरी नाही. कापसाच्या दिवसांत बैलगाड्या असतात, संध्याकाळी गुरं परततात, केळीच्या बागेतून बायका डोक्यावर ओझं घेऊन बाहेर पडतात. यातलं कुणीच मागे वळून बघत नाही, कारण मागे काही आहे हेच कळत नाही. एका बैलगाडीवाल्याने मला थांबवून सुनावलं, "ताई, भोंगा तरी वाजाडा!" वाजवला असता तर बैल बुजले असते. आता मी लांबूनच एकदा हळू हॉर्न देते आणि मग वेग कमी करून मागे-मागे जाते. या सवयीला वेळ लागतो, आणि घरात नवशिक्या मुलगा असेल तर त्याला हे आधी शिकवा.

बसण्याच्या जागेबद्दल फियाटची बाजू घ्यावीच लागेल. आमच्या गाडीत पुढे अखंड बाक होता. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळे मध्ये काही नाही. आखाजीला आबा स्वतः मुऱ्हाळी व्हायचे, म्हणजे सासरच्या बहिणींना माहेरी आणायला जायचे. एका दिवसात दोन आत्या, त्यांची पोरं, पापड-कुरडयांचे डबे आणि एखादी शेजारीण, सगळं त्या गाडीत. पुढे तीन मोठी आणि मांडीवर एक लहान. कायद्याने आज ते चालणार नाही आणि चालूही नये. पण पुढच्या बाकावर आबा आणि आईच्या मध्ये बसून मी गिअर बघत मोठी झाले आणि पुढे त्याच बाकावर गाडी शिकले. चोपड्यात तेव्हा गाडी चालवणाऱ्या बायका बोटावर मोजण्याएवढ्या होत्या. क्लचवर पाय आणि स्टिअरिंगच्या दांड्याने गिअर, हे एकदा जमल्यावर पुढे कुठलीच गाडी अवघड गेली नाही.

नव्या गाडीत पुढे दोघं राजासारखी. मागे मात्र अडचण आहे, आणि ती बऱ्याच छोट्या इलेक्ट्रिक गाड्यांत दिसते. बॅटरी तळाशी असल्यामुळे फूटबोर्ड उंच येतो, गुडघे वर राहतात आणि मांडीला आधार मिळत नाही. आत्याला तासाभराने कंबर हलवावी लागते. फियाटमध्ये मागे मधल्या माणसाला उंचवट्याचा त्रास होता, कारण मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खालून जायचा. पण कडेच्या दोघांना खुर्चीवर बसल्यासारखं सरळ बसता यायचं. म्हाताऱ्या माणसाला आत शिरायलाही ती सोपी, छप्पर उंच आणि दार चांगलं रुंद उघडायचं. गाडी घेताना घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाला मागे बसवून एक फेरी मारा. चालवणाऱ्याला हे कधीच कळत नाही.

बाहेरचं दिसण्याच्या बाबतीतही जुनी गाडी पुढे. फियाटचे खांब बोटभर, चारी बाजूंना काच, बॉनेटची कड डोळ्यासमोर. नव्या गाडीचे पुढचे खांब एवढे जाड की पारोळ्याच्या चौकात उजवीकडे वळताना अख्खी मोटरसायकल त्यामागे लपते. मान पुढे-मागे करून बघावं लागतं. ते खांब जाड का, हे मला माहीत आहे. गाडी उलटली तर छप्पर तेच पेलतात. तक्रार नाही, पण मान दुखते.

कारण सुरक्षेचा प्रश्न आला की फियाटची बाजू घेणं खोटेपणा होईल. एअरबॅग नाही, एबीएस नाही, मागे सीट बेल्ट नाही, स्टिअरिंगचा दांडा थेट छातीकडे. ड्रम ब्रेक पावसात ओले झाले की पहिल्यांदा दाबल्यावर धरतच नसत. कन्नडचा औट्रम घाट उतरताना आबा दुसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकायचे आणि आम्हाला गप्प बसायला सांगायचे. खाली चाळीसगावच्या बाजूला पोहोचलो की चाकांपाशी जळका वास. नव्या गाडीत हाच घाट मी ब्रेकला जवळजवळ पाय न लावता उतरते. रिजनरेशन सगळ्यात वरच्या पातळीवर ठेवलं की पाय उचलल्याबरोबर मोटर गाडीला धरून ठेवते आणि उतरताना बॅटरीत दोन-तीन टक्के भरही पडते. एक गोष्ट लक्षात ठेवा, बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर रिजनरेशन काम करत नाही, कारण आलेली वीज ठेवायला जागा नसते. वर कन्नडला मुक्काम असेल तर सकाळी शंभर टक्के भरून निघू नका.

आता सर्व्हिस सेंटर. गाडी एका सकाळी मेली. दार उघडेना, स्क्रीन काळी. मोठी बॅटरी आदल्या रात्रीच ऐंशी टक्के होती. फोन केला तर उत्तर मिळालं की टोइंग गाडी परवा येईल, जळगावला आणून बघू. तेवढ्यात नवऱ्याने आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मिस्तरीला बोलावलं. त्याच्या वडिलांनी फियाटचे पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क) पॉलिश पेपरने घासण्यात हयात घालवली. किल्लीतल्या साध्या पात्याने दार उघडलं, बॉनेट वर केलं, आणि मिस्तरी बघतच राहिला. "आठे इंजिन कोठे शे, ताई?" मग त्याची नजर कोपऱ्यातल्या छोट्या 12 व्होल्टच्या बॅटरीवर गेली. तेवढी एकच वस्तू त्याच्या ओळखीची. मीटर लावलं, व्होल्टेज पडलेलं. इलेक्ट्रिक गाडीतही दारं, स्क्रीन आणि मोठ्या बॅटरीला जोडणारा रिले (विजेवर चालणारा स्विच) हे सगळं या छोट्या बॅटरीवर चालतं. ती उतरली की मोठी भरलेली असूनही गाडी मढं. दुसऱ्या गाडीवरून जंपर लावला, गाडी जागी झाली. नारिंगी वायरींना हात लावू नको एवढंच मी त्याला दहा वेळा बजावलं, त्यात उच्च दाबाची वीज असते. सेंटरने नंतर छोटी बॅटरी वॉरंटीत बदलून दिली, पण त्यासाठी मला तीनदा तेच सगळं तीन वेगवेगळ्या माणसांना सांगावं लागलं.

फियाटची दुरुस्ती कुठेही व्हायची हे खरं. ती सारखी करावी लागायची हेही तेवढंच खरं. प्लग, पॉइंट, कंडेन्सर, फॅन बेल्ट, दर थोड्या दिवसांनी काहीतरी. आबांना त्याची हौस होती, रविवारची सकाळ त्यातच जायची, आणि आई वैतागायची. माझ्या गाडीला आतापर्यंत टायर फिरवणं, एसीचा फिल्टर आणि वायपर यापलीकडे काही लागलेलं नाही. इंजिन ऑइलच नाही तर बदलणार काय? फक्त स्टेपनी दिलेली नाही. पंक्चरचं किट आणि हवेचा छोटा पंप देतात. बाभळीच्या काट्याला ते पुरतं, फाटलेल्या टायरला पुरत नाही. शेतरस्त्याला जाणाऱ्यांनी वेगळी स्टेपनी विकत घ्यावी आणि डिकीतली भरिताच्या वांग्यांची जागा थोडी कमी होणार हे धरून चालावं. स्क्रीनबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. एसीला बटणं आहेत एवढं पुरे.

दोन्ही भावांनी आता मला विचारलंय, घ्यावी का म्हणून. थोरल्याचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, पार्किंग रस्त्यावर, सॉकेट लावायला जागा नाही. त्याला मी नको म्हटलं. धाकटा शहाद्याजवळ मळ्यात राहतो, स्वतःचं मीटर, रोजचं नंदुरबारला जाणं-येणं, घरात दुसरी डिझेल गाडी लांबच्या प्रवासाला आहेच. त्याने अर्थिंगचा खड्डा आधी खणून घेतला, मग गाडी बुक केली. फक्त रंगावर अडलंय. वहिनीला गडद निळा हवा, तो म्हणतो राखाडी. मी पांढरा सांगितलाय. धूळ बसली तरी पुसता येते, पण गडद छपराची गाडी मे महिन्यात शेडबाहेर उभी केली की आत बसायच्या आधी एसी बराच वेळ नुसता भट्टी निववत बसतो, आणि तेवढी वीज गाडी हललेली नसताना जाते.